काढलेला भाग

आमच्या पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. पंप उघडला आणि आतला भाग बदलला, की जुना भाग फेकायचा नाही. पुसायचा, त्याला चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर तारीख आणि मालक लिहायचा आणि लोखंडी कपाटात ठेवायचा. मालक आला की त्याच्या हातात द्यायचा, म्हणजे काम खरंच झालं हे त्याला दिसतं. न्यायला कुणी आलं नाही तर वर्षभर थांबायचं. मग भंगार.

ही रीत सळईने घातली. सळई म्हणजे माझा जोडीदार. एका बेंचवर आम्ही एकतीस वर्षं काम केलं. अंगाने बारीक, उभा राहिला की सरळ, म्हणून सळई. पुढे माझ्या धाकट्या बहिणीचं त्याच्याशी लग्न झालं. लग्नाच्या दिवशी हॉलच्या पाण्याची मोटर आवाज करत होती. नवरदेव उठून बघायला गेला आणि हात काळे करून परत आला. धाकटीने तेव्हाच ओळखलं, पुढे काय वाढून ठेवलंय ते.

लग्नानंतर आमची दोघांची पंचाईत झाली. वर्कशॉपमध्ये अरे-तुरे, घरी अहो-जाहो. घरी मी त्याला पाहुणे म्हणायचो, तोही मला अहो म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो की दारातच भाषा बदलायची. धाकटी हसायची. "बुटांबरोबर तेही बाहेरच काढून ठेवता वाटतं!"

त्याचं काम सांगतो. आठ नट असले तर तो समोरासमोरचे घ्यायचा आणि प्रत्येक नट तीन दमांत आवळायचा. एका दमात आवळणारा माणूस त्याला सहन व्हायचा नाही. नवा भाग बसवण्याआधी जुना हातात घेऊन बॅटरीच्या उजेडात दहा मिनिटं बघत बसायचा. म्हणायचा, "नवा भाग मुका असतो. काय सांगायचं ते जुना सांगतो." का गेला ते कळल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, हे त्याचं दुसरं म्हणणं. एकदा एक बेअरिंग एकाच बाजूने झिजलं होतं. दोन दिवस गिऱ्हाईक आरडाओरडा करत राहिलं, याने पंप दिला नाही. शेवटी गिऱ्हाइकाकडे जाऊन बघितलं तर पंपाच्या पायाचा एक बोल्ट आखूड निघाला, पंप तिरका बसत होता.

एका मंगळवारी सकाळी त्याने पाना खाली ठेवला. दोन नट आवळायचे राहिले होते. एकतीस वर्षांत त्याने काम असं मध्ये सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. मला तिथेच भीती वाटली, तो काही बोलायच्या आधी.

"पोट," म्हणाला. "उजवीकडे, खाली."

जवळच दुमजली नर्सिंग होम होतं. दोन तासांत ऑपरेशन झालं. सर्जन मास्क ओढत बाहेर आले. "अपेंडिक्स. नेहमी पेन्सिलीएवढं असतं, यांचं अंगठ्याएवढं जाड झालं होतं. काढलं." एवढं बोलून ते पुढच्या खोलीत गेले. धाकटी भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. मी तिला म्हटलं, "उठ. झालं सगळं."

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. काउंटरवरच्या नर्सने माझ्याकडे औषधांची पिशवी दिली, फाइल दिली आणि एक प्लास्टिकची बरणी दिली. बरणीत पाण्यासारखं औषध आणि त्यात तो भाग. झाकणाला चिकटपट्टी, बाहेर रबरबँडने लावलेला एक कागद. "कागदावर लिहिलंय तसं करा," ती म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटकडे वळली. कागद इंग्रजीत, बारीक टायपात. मी तो वाचायचा प्रयत्न केला नाही. मला वाटलं, पावती असेल.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सळईला म्हटलं, "पाहुणे, तुमचा डॉक्टर आपल्यातलाच दिसतो. जुना भाग परत देतो."

वर्कशॉपमध्ये जाऊन मी बरणी पुसली, चिठ्ठी बांधली, तारीख घातली, मालक म्हणून त्याचं नाव लिहिलं. दुसऱ्या फळीवर, एका जुन्या बेअरिंगशेजारी ठेवली. कागदाची घडी करून बरणीखाली सारली. काम नीट केल्याचं समाधान होतं मला. त्याचे टाके गल्लीतल्या कंपाउंडरने काढले. नर्सिंग होमचे जिने चढायला नकोत, असं धाकटीचं म्हणणं. त्यामुळे त्या सर्जनकडे परत जाणं झालं नाही आणि कुणी काही विचारलं नाही.

महिन्याने सळई कामावर आला. आल्या आल्या कपाट उघडून त्याने बरणी ट्यूबलाइटखाली धरली.

"टोकाशी फुगलाय बघ. आत काहीतरी साठलंय."

"असेल."

"सुजून असा होतो का रे? का झालं असेल?"

"मला काय विचारतोस? मी पंपवाला."

"उघडून बघू." त्याने खरंच ब्लेड उचललं.

मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "गिऱ्हाइकाचा माल आहे. हात लावायचा नाही."

"अरे, गिऱ्हाईक मीच!"

"मग वर्षभर थांब. रीत तुझीच आहे."

तो हसला आणि बरणी जागेवर ठेवली. पण आठवडाभर मधेच थांबून म्हणायचा, का गेला ते कळलं नाही. मी वैतागलो. "माणसाचं पोट म्हणजे काय पंप आहे का?" असं मी बोललो. माझे शब्द माझ्या लक्षात आहेत.

ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात त्याला पोट दिसायला लागलं. सळईला पोट! बेल्ट नेहमी आतल्या भोकावर असायचा, तो एक भोक बाहेर आला, मग आणखी एक. मी घरी चेष्टा केली. "पाहुणे, माझी बहीण एका जेवणात दोनदा वाढते वाटतं."

धाकटी म्हणाली, "कसलं दोनदा? अर्धं ताट परत येतं हल्ली."

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. आत येतंय कमी आणि दाब वाढतोय, असा पंप समोर आला असता तर त्याच क्षणी बंद केला असता. आम्ही दोघांनीही.

सातव्या महिन्यात मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमधून एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांच्या कुठल्यातरी यंत्राचा पाणी फिरवणारा छोटा पंप आमच्याकडे होता, तो न्यायला. पंप झाला होता. रीतीप्रमाणे गळती अडवणारं जुनं सील हातात द्यावं म्हणून मी कपाट उघडलं. बाईंनी सीलकडे बघितलंच नाही.

"ही बरणी कुणाची?"

"आमच्या जोडीदाराची. अपेंडिक्स आहे." मी चक्क हसत सांगितलं. "जुना भाग ठेवायची रीत आहे आमची."

त्या हसल्या नाहीत. बरणीखालचा कागद ओढला आणि उभ्याउभ्या वाचला. मग उलटून मागची बाजू बघितली.

"काका, हा तपासणीचा अर्ज आहे. याच्यावर कुठल्याच लॅबचा शिक्का नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे कुणी तपासलंच नाही. हे ठेवायला दिलं नव्हतं तुम्हाला. लॅबला द्यायला दिलं होतं. कापून, मायक्रोस्कोपखाली बघायला." त्यांनी तारीख वाचली. "सात महिने!"

मागे बेंचवर सळई पाठमोरा बसला होता. त्याच्या पान्याचा आवाज थांबला. तो वळला नाही.

बाईंचा आवाज जरा उतरला. "बहुतेक साधंच निघतं. पण हे टोक मला आवडलं नाही. मी घेऊन जाते. आत्ताच." पंप तिथेच ठेवून, बरणी दोन्ही हातांत धरून त्या गेल्या.

मी बेंचपाशी आलो. "सळई, मला वाटलं की..."

"अहो," तो म्हणाला, "तो सतराचा पाना द्या जरा."

वर्कशॉपमध्ये अहो. मी पाना दिला.

रिपोर्टला नऊ दिवस लागले. नऊ दिवस तो बेंचवर माझ्याशी अहो-जाहोत बोलला. पाना द्या, बॅटरी धरा, झालं का तुमचं. शिवी दिली असती तर मी खाली मान घालून घेतली असती. धाकटीला मीच सांगितलं. ती ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "दादा, तू एवढा बारीक बघणारा माणूस." त्यानंतर तिने मला चहा दिला, तोही नेहमीसारखा.

एका दुपारी मी वर्कशॉपपासून त्या लॅबपर्यंत घड्याळ लावून चालून बघितलं. अठरा मिनिटं. मध्ये एक चढ आहे, तो धरून.

रिपोर्ट सांगायला हॉस्पिटलच्या सर्जनबाईंनी तिघांना बोलावलं. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलताना टेबलावर हात सपाट ठेवायच्या. अपेंडिक्सच्या आत चिकट, बुळबुळीत द्रव बनवणाऱ्या पेशी वाढल्या होत्या. फार थोड्या लोकांना होतं असं. नळीचं तोंड बंद, त्यामुळे ती फुगत गेली. बाहेरून साधी सूज वाटते, म्हणून कापून बघितल्याशिवाय कळत नाही. टोकाशी एका जागी भिंत झिजली होती आणि तिथून थोडा द्रव बाहेर झिरपला होता. त्याबरोबर पेशी पोटात गेल्या, तर तिथेही त्या तेच काम करत बसतात.

"कॅन्सर?" धाकटीने विचारलं.

"त्याच घरातला. पण हा जात नाही लांब, रक्तातून पळत नाही. पोटातच राहतो. सावकाश, गोगलगायीसारखा."

"गोगलगाय आणि पोटात पाय," सळई म्हणाला.

कुणी हसलं नाही. तोही नाही.

स्कॅन झाला. बाईंनी पडद्यावर पोटाचे काप एकेक करून दाखवले. यकृताच्या कडेला करड्या रंगाचा एक थर, तसाच आणखी एक खाली, ओटीपोटात. त्या पेनाने दाखवत होत्या. मी पडद्यावरून नजर काढली, तर ती सळईच्या बेल्टवर गेली. परत पडद्याकडे बघितलं. कुठे बघावं ते कळेना.

उपाय त्यांनी सरळ सांगितला. पोट वरपासून खालपर्यंत उघडायचं. दिसेल तेवढं सगळं काढायचं, जिथे चिकटलं असेल तिथलं अस्तरही. मग पोटात गरम औषध भरायचं आणि दीड तास ते आतल्या आत फिरवत ठेवायचं, म्हणजे न दिसणाऱ्या पेशी मरतात. आठ-दहा तासांचं काम. सगळे पार पडतातच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

सळईने पहिल्यांदाच मान वर केली. "फिरवणार कशाने?"

"पंपाने."

"कोणत्या?"

बाई थांबल्या. "कोणत्या म्हणजे?"

"गरम किती?"

"बेचाळीस अंश."

"तेवढं पंपाला काही नाही. सील शेवटचं कधी बदललं? आणि जोडीला दुसरा पंप आहे का? मध्येच बंद पडला तर?"

बाई हसल्या. मग त्याचा चेहरा बघून थांबल्या. "लोक मला विचारतात, मी किती जगेन. तुम्ही सील विचारता."

"ते तुम्हाला माहीत नाही. सील माहीत असायला पाहिजे."

त्यांनी फोन उचलला आणि त्या यंत्राच्या तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने आम्हाला एका खोलीत नेलं. ट्रॉलीवर पंप होता. रबरी नळी अर्धगोलात बसवलेली आणि तिला दाबत फिरणारे तीन रोलर. सळईने विचारून हात लावला, रोलर बोटाने सावकाश फिरवला, कान जवळ नेला. मग मला म्हणाला, "सीलच नाही हो याला. औषध लोखंडाला लागतच नाही. नळी तेवढी दर वेळी नवी घालायची." तंत्रज्ञाने दुसरी ट्रॉली दाखवली. दुसरा पंप झाकून ठेवला होता. सळईने झाकण काढून तोही बघितला.

धाकटी आमच्याबरोबर होती, त्यामुळे ते 'हो' वर्कशॉपमधल्या रागाचं होतं की घरच्या रीतीचं, मला ठरवता आलं नाही.



ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसातला त्याला आत नेलं. जाताना त्याच्या अंगावरच्या वस्तू पिशवीत घालून आमच्याकडे दिल्या. घड्याळ, चष्मा, बेल्ट. धाकटी त्याचा शर्ट घडी करायची, मोडायची, परत घडी करायची. आम्ही ओळीने मांडलेल्या लोखंडी खुर्च्यांवर बसलो. समोर दार, दारावर लाल दिवा. कुणी दार ढकललं की आम्ही दोघं अर्धे उठायचो. मला बसून राहायचं काम कधी जमलं नाही. हाताला काही हवं म्हणून मी पिशवीतून त्याचा बेल्ट काढला.

बेल्टला कंपनीची पाच भोकं होती. सहावं नंतर पाडलेलं. पंचने, आधीच्या अंतरावर, बरोबर मध्यभागी, कडा घासून साफ केलेली. हे त्याचंच काम. म्हणजे पोट पाचव्या भोकापलीकडे गेलं होतं आणि आम्हाला कळू न देता त्याने कधीतरी बेंचवर बसून हे भोक पाडलं होतं. मी चेष्टा करत होतो तेव्हा तो माप घेत होता. किती महिने तो एकटाच घाबरला असेल? मी बेल्ट गुंडाळून मुठीत धरला. धाकटीला दाखवला नाही.

दोनच्या सुमाराला आतून एक कर्मचारी ट्रे घेऊन बाहेर आला. ट्रेमध्ये बरण्या. मी उठलो.

"कुठे नेतोयस?"

"लॅबला. तिसरा मजला."

"मी येतो बरोबर."

"काका, आमचंच काम आहे हे."

"असू दे. तुझ्या हातातून काही घेत नाही. नुसता चालतो."

त्याने खांदे उडवले. मी त्याच्या एक पाऊल मागे चाललो. पाच बरण्या. लिफ्टमध्ये मोजल्या, लिफ्टमधून उतरल्यावर परत मोजल्या. लॅबच्या काउंटरवर त्याच बाई होत्या. मला बघून त्यांनी काही विचारलं नाही. पाचही अर्ज वाचले, पाचही बरण्यांशी ताडून बघितले, शिक्के मारले.

"मला एक कागद द्या," मी म्हटलं.

"नातेवाइकांना देत नाही काही, काका."

मी तिथून हललो नाही. मग एक कोरा कागद ओढून त्यांनी लिहिलं: तारीख, वेळ, पाच बरण्या मिळाल्या. खाली सही. मी घडी घालून शर्टच्या खिशात ठेवला आणि खालपर्यंत खिशावर हात धरून आलो.

सर्जनबाई साडेपाचला बाहेर आल्या. कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "दिसलं ते सगळं काढलं. औषध पूर्ण दीड तास फिरलं. पंप बंद पडला नाही, त्यांना सांगा. न दिसणाऱ्याचं आज कुणीच सांगू शकत नाही. दर सहा महिन्यांनी स्कॅन करू." धाकटीने त्यांचे दोन्ही हात धरले.

मी विचारलं, "सात महिने आधी आलो असतो तर?"

त्यांनी विचार केला. नुसतं बरं वाटावं म्हणून बोलणारी बाई नव्हती ती. "कदाचित कमी असतं. कदाचित एवढंच असतं. मला माहीत नाही."

"बरं," मी म्हटलं. तेही घेऊन मला राहायचंय, हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकेकाला आत सोडलं. धाकटी आधी गेली. दोन मिनिटांत बाहेर आली. "दादा, तुलाच बोलावतोय."

त्याच्या अंगातून नळ्याच नळ्या निघाल्या होत्या. सवयीने माझी नजर प्रत्येक नळीमागे गेली, कुठून निघते, कुठे जाते. ओठ सुकलेले. त्याने डोळे उघडले.

"जुने भाग कुठायत?" आवाज जेमतेम.

"लॅबमध्ये."

"दिलेस?"

"दिले. पाच बरण्या. सही घेतली."

"दाखव."

मी खिशातून कागद काढला. पिशवीतला चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि कागद समोर धरला. तो वरून खाली वाचत गेला, सावकाश, सहीपर्यंत.

"वेळपण लिहिलीय," म्हणाला.

"हो."

"ठेव नीट. वर्षभर फेकू नकोस."

त्याला पाच वर्षं होऊन गेली. वर्कशॉप सोडून आम्ही दोघंही आता घरी बसतो. कागद माझ्याकडे आहे. सहा महिन्यांनी होणारा स्कॅन आता वर्षाने होतो आणि आम्ही तिघं जातो. आदल्या आठवड्यापासून कुणाचं जेवण नीट होत नाही, कुणी तसं बोलून दाखवत नाही. स्कॅनच्या खोलीत बक्कल चालत नाही, म्हणून तो बेल्ट काढून माझ्या हातात देतो आणि आत जातो. बेल्ट आता दुसऱ्या भोकावर आहे. त्या जागी पट्टा वाकलेला दिसतो, मी बघून घेतो. पण माझा अंगठा सहाव्यावर जातो, आणि ते दार उघडेपर्यंत तिथून निघत नाही.